चांगला आहे म्हणून

आमच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्याच्या स्टोअरला एक खिडकी होती. आत मी बसायचो आणि बाहेर जग उभं असायचं. जगाला काहीतरी हवं असायचं आणि मला ते द्यायचं नसायचं, इतका आमचा सरळ संबंध होता. एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत अमरावतीत स्टोअरकीपर म्हणजे काही लहान माणूस नव्हे. मॅनेजरसाहेबांनी मला एकच नियम शिकवला होता: जुना, मोडका नग खिडकीत जमा झाल्याशिवाय नवा नग बाहेर जाता कामा नये. चिठ्ठीवर तीन रकाने असत. कोणता नग पाहिजे, जुन्याची अवस्था काय आणि नवा मागण्याचं कारण काय. लोक हुशार होते. कंदिलाची काच काजळली की ती दगडावर हलकेच आपटून आणायचे आणि कारणाच्या रकान्यात 'फुटली' असं बिनदिक्कत लिहायचे. मला सगळं कळायचं. पण फुटलेली काच समोर दिसली की माझं कर्तव्य संपलं.

मी कामावर रुजू झालो त्याच महिन्यात, एका सकाळी, या खिडकीशी उस्ताद येऊन उभा राहिला. उस्ताद म्हणजे कारखान्याचा ट्रक चालवणारा. ट्रक चालवणाऱ्याला आमच्याकडे उस्तादच म्हणतात, त्यामुळे त्याचं खरं नाव पगाराच्या दिवसाखेरीज कोणी घेतलं नाही, आणि आता मीही घेत नाही. उंच, हाडकुळा, खांद्यावर दुपट्टा, कानावर पेन्सिल. त्याच्या हातात रबराचा एक जाड, वाकडा पाइप होता. धुऊनपुसून आणलेला.

"रेडिएटरचा पाइप पाह्यजे बाबू. वरचा."

मी जुना पाइप उलटासुलटा करून पाहिला. "हा फुटलाय कुठे?"

"नाई फुटला."

"चिरलाय?"

"नाई."

"मग नवा कशाला पाहिजे?"

"चांगला हाये म्हनून."

मला वाटलं, माणूस सकाळीच चढवून आलाय. चिठ्ठी पाहिली तर तिथेही तेच. जुन्याची अवस्था: चांगली. कारण: चांगला आहे म्हणून. अक्षर मोत्यासारखं. मी चिठ्ठी परत केली आणि म्हटलं, फुटला की या. त्यावर तो जे बोलला ते पुढे मी शेकडो वेळा ऐकलं.

"फुटल्यावर तं गाढवालेबी समजते, बाबू."

माझ्या आधीचा स्टोअरकीपर भिडस्त होता. त्याने उस्तादाला वर्षानुवर्षं असे चांगल्याच्या बदली चांगले नग दिले होते. मी भिडस्त नव्हतो. मी चोवीस वर्षांचा होतो, नियमाचा पक्का होतो, आणि एखाद्या ट्रकवाल्याने मला आडून गाढव म्हटलेलं मला समजत होतं.

आता या ट्रकबद्दल सांगायला हवं. लढाई संपल्यावर सरकारने मिलिटरीचे जुने ट्रक लिलावात काढले, त्यातला हा एक. कारखान्याने त्याला निळा रंग दिला होता, पण कुठे खरवडलं की खालून हिरवा निघायचा, म्हणून सगळे त्याला सुभेदार म्हणायचे. मोसमात सुभेदार रुईच्या गाठी बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर टाकायचा, मोसम सरला की मेळघाटातून लाकूड आणायचा, आणि मधूनमधून कोणाच्या तरी लग्नाला माणसं घेऊन जायचा. वऱ्हाडातला उन्हाळा माणसालाच उभं राहू देत नाही, तिथे ट्रकची काय कथा. धारणीच्या, चिखलदऱ्याच्या वाटेवर दर दोन मैलांवर एखादा ट्रक बॉनेट उघडून वाफा सोडत उभा असायचा आणि त्याचा ड्रायव्हर हातात डबा घेऊन पाणी शोधत नाल्यात उतरलेला असायचा. सुभेदार मात्र इतक्या वर्षांत रस्त्यात पाण्यासाठी एकदाही थांबला नव्हता. उस्तादापाशी शेत नव्हतं, घर भाड्याचं होतं. त्याची म्हणून जी काही इस्टेट होती ती ही एवढीच.

ती त्याने कशी राखली, हे त्याच्याकडूनच ऐकावं. इंजिन म्हणजे चूल. चुलीभोवती पाणी फिरत ठेवायचं, तापलं की पुढच्या रेडिएटरात नेऊन थंड करायचं आणि परत आणायचं. ते नेणारे-आणणारे दोन रबरी पाइप, पाणी ढकलणारा पंप, पंपाला फिरवणारा पट्टा, आणि पाणी पुरेसं तापेपर्यंत दार लावून बसणारा थर्मोस्टॅट. उस्ताद म्हणायचा, इंजिन मरत नाही, त्याला हे पाच-सहा जण मारतात. म्हणून या पाच-सहा जणांना तो नोकरीवर ठेवल्यासारखा ठेवायचा. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने रुजू झाल्याचा महिना लिहायचा, आणि मुदत भरली की तो नग कितीही ठणठणीत असो, त्याला पेन्शनीत काढायचा. रोज सकाळी इंजिन थंड असताना तो बॉनेटमध्ये डोकं घालून पाइप दाबून पाहायचा. बाजारात बायका भेंडी मोडून पाहतात, तेवढ्याच संशयाने. सोबतीला ट्रकचा क्लीनर. हा क्लीनर उस्तादापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि ठार बहिरा होता. उस्ताद त्याला सगळं समजावून सांगायचा आणि तो प्रत्येक वाक्यानंतर "हो बाप्पा" म्हणायचा.

पेन्शनीत काढलेले नग तो फेकत नसे. त्यांना हलकं काम शोधून द्यायचा. तहसिलीसमोरच्या हॉटेलात नळाला लावलेला पाइप सुभेदारचा. चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या चाकावर फिरणारा पट्टा सुभेदारचा. एक थर्मोस्टॅट त्याने घरी बायकोला दिला होता. अंघोळीच्या बंबात सोड, पाणी तापलं की हे आपोआप उघडतं, असं म्हणून. बायकोने चार दिवस वापरून परत आणून दिला. "हे उघडते तवा अंघोळ नाई होत," ती म्हणाली, "चहा होते."

मी त्याला एकदा कोंडीत पकडायचं ठरवलं. म्हटलं, "उस्ताद, तुमचा तो हॉटेलातला पाइप तीन वर्षं झाली, अजून गळला नाही. म्हणजे तुम्ही चांगला पाइप फुकट काढला की नाही?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "तुमच्या हॉटेलचा नळ चिखलदऱ्याचा घाट चढते का?"

हा नियम त्याने ट्रकपुरता ठेवला असता तर प्रश्न नव्हता. चपलेचा अंगठा तुटलेला त्याच्या आयुष्यात कोणी पाहिला नाही. छत्री तो मृगाच्या आधी बदलायचा. वीस वर्षांचा न्हावी त्याने एक दिवस अचानक सोडला. न्हाव्याने कारण विचारलं तर म्हणाला, "तुहा हात अजून मस्त हाये, म्हनून." न्हाव्याने हा अपमान समजून सहा महिने गावभर शिव्या दिल्या. एकदा तर उस्ताद दाताच्या डॉक्टरकडे जाऊन एक निरोगी दाढ काढून मागत होता, कारण शेजारची गेली होती. डॉक्टरांनी त्याला हाकलून दिलं. घाटात बंद पडलेल्या ट्रकांना तो न चुकता पाणी द्यायचा, सुभेदारमध्ये त्यासाठी दोन डबे भरलेले असत. पण पाण्याआधी पाइपांवर प्रवचन द्यायचा. पुढे पुढे ड्रायव्हर लोक सुभेदार लांबून दिसला की तापलेल्या इंजिनाचं बॉनेट घाईघाईने लावून घ्यायचे आणि झाडाखाली झोपेचं सोंग करायचे.

त्याच्या बायकोला मी गमतीने विचारलं होतं, तुम्हाला धास्ती नाही वाटत का? ती फटकळ बाई होती. "वाटते ना बाप्पा. झाडू झिजाच्या आंधी नवा, सूप फाटाच्या आंधी नवं. घरात जुनी मंजे एक मीच. हा मानूस माह्याकडे टक लावून पाहाले लागला का मी उठून आंधी आरसा पाहाते."

उस्ताद ओसरीवर बसून विडी ओढत होता. तो तिथूनच म्हणाला, "तू इंजन हायेस. इंजन नाई बदलत. त्याच्याचसाठी तं बाकीचं बदलाचं रायते."

ती लाजून आत गेली. तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं, पण संसारावरचं इतकं नेमकं बोलणं मी पुढेही ऐकलं नाही.

हे वेड त्याला लागलं कुठून, याच्या तीन कथा होत्या आणि तिन्ही त्याच्याच. एक, लढाईत ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर रांगेतला पुढचा ट्रक पाइप फुटून थांबला आणि मागच्या चाळीस ट्रकांवर बॉम्ब पडला. दुसरी, सेमाडोहजवळ कोणाचा तरी ट्रक तापून बंद पडला आणि ड्रायव्हर पाणी आणायला उतरला, तर नाल्यावर आधीच वाघ पाणी पीत होता. तिसरी त्याने एकदाच सांगितली, तीही दुसरीकडे बघत. त्याच्या बापाच्या विहिरीवर मोट चालायची. मोटेचा नाडा जुना झाला होता. आईने दोनदा म्हटलं, बदला. बाप म्हणाला, चालते अजून एक मोसम. नाडा तुटला, भरलेली मोट विहिरीत गेली आणि ओढीला लागलेला बैल तोंडावर पडून त्याचा पाय मोडला. "तवा मी सात वर्साचा होतो," तो म्हणाला. "बैल दोन दिवस वरडला." यातली खरी कोणती मी विचारलं नाही. पण एक मला ठाऊक होतं. 'चालते अजून' हे शब्द त्याच्यासमोर कोणी उच्चारले की तो उठून चालू लागायचा.

आणि मी तर दिवसभर खिडकीत बसून तेवढंच म्हणायचो.

तर त्या पहिल्या सकाळी मी नवा पाइप दिला नाही. त्याने काय करावं? जुना पाइप माझ्या खिडकीतच ठेवला. "जमा केला मंजे केला," म्हणाला आणि निघून गेला. पाइपावाचून सुभेदार जागच्या जागी उभा. मोसम संपलेला, त्या महिन्यात लाकडाचीही खेप नव्हती, म्हणून मॅनेजरसाहेबांचं लक्ष गेलं नाही. उस्ताद रोज सकाळी नऊच्या ठोक्याला खिडकीशी यायचा.

"राम राम बाबू. नाई ना देत?"

"नाही."

"बरं."

असे एकोणीस दिवस. आवाजात राग नाही, विनवणी नाही. एखाद्या आजाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करावी तसा तो माझ्या हट्टाची चौकशी करून जायचा.

नेमकं त्याच सुमारास माझं लग्न ठरलं होतं. मुलगी अकोल्याची, तिचे वडील तिथल्या एका शाळेत हेडमास्तर. वेळेच्या बाबतीत एवढे कडक की शाळेची घंटा त्यांच्या येण्यावर लावत. ज्येष्ठ सरत आलेला, पावसाचा पत्ता नाही आणि मुहूर्त त्या वर्षीचा शेवटचा, सकाळी साडेअकराचा. तो चुकला तर तुळशीच्या लग्नापर्यंत थांबणं आलं. भावी सासऱ्यांनी पत्रात लिहिलं होतं: 'मुहूर्त कोणासाठी थांबत नाही व मीही थांबणार नाही.' मॅनेजरसाहेबांनी खुशीने सांगितलं, सगळ्या मंडळींना सुभेदारमधून घेऊन जा.

म्हणजे आता ट्रक मलाच हवा होता. ट्रकला पाइप हवा होता आणि पाइप माझ्याच कुलपात होता. शहाण्या माणसाने मुकाट्याने नवा पाइप काढून दिला असता. पण मग उद्या सगळा कारखाना म्हणाला असता, बाबूचं स्वतःचं लग्न आलं तेव्हा नियम कुठे गेला? आणि खरं सांगतो, मला त्याची खोड मोडायची होती. मी त्याचाच जुना पाइप घेतला, काळ्या बूटपॉलिशने चांगला घासला, चमकवला, नव्याच्या कागदात गुंडाळला आणि विसाव्या दिवशी खिडकीतून दिला. मनात बेत असा की याच पाइपावर जाऊन-येऊन सव्वाशे मैल करायचे आणि परत आल्यावर चार लोकांत सांगायचं, उस्ताद, तुमच्या पेन्शनरने माझं लग्न लावून आणलं.

त्याने पाइप हातात घेतला. नाकाशी नेला. माझ्याकडे पाहिलं.

"लय नवा दिसते," म्हणाला आणि गेला.

लग्नाच्या दिवशी पहाट फुटता फुटता आम्ही निघालो. मागे सतरंज्यांवर माझी आई, बहिणी, मामा-मावशा, शेजारपाजार, आणि सगळ्यांच्या मधोमध तो बहिरा क्लीनर. बायका गाणी म्हणत होत्या आणि तो प्रत्येक कडव्याला "हो बाप्पा" म्हणत होता. पुढे केबिनमध्ये उस्ताद आणि मुंडावळ्या बांधलेला मी. बडनेरा येईपर्यंत मी मजेत होतो. मग ऊन वर आलं. माझ्या पायाखालून इंजिनाची धग येऊ लागली आणि पहिल्यांदाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की माझ्या आयुष्याचा मुहूर्त आणि या उकळत्या पाण्याच्या मधे फक्त थोडं बूटपॉलिश आहे.

उष्णता दाखवणारा काटा पाहावा म्हणून मी वाकलो. उस्तादाने काट्यावर झेंडूचा हार टांगून ठेवला होता.

"काटा नोका पाहू," तो म्हणाला. "नवरदेवानं नवरीकडे पाहावं."

मी परत सरळ बसलो. मैलभर गेल्यावर तो आपणहून म्हणाला, "पाइप मस्त देला बाबू तुमी. असा पाइप म्या जिंदगीत नाई पाह्यला."

आणखी मैलभराने, "लोक म्हनत, बाबू कंजूस हाये. म्या म्हनलं, नाई. मनानं मोठा हाये. लगनासाठी एकदम नवा कोरा पाइप देला."

"उस्ताद, थोडं हळू घ्या," मी म्हणालो.

"हळू काहून? नवा पाइप हाये ना." आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबला.

प्रत्येक खड्ड्याला माझा जीव वर-खाली होत होता. बॉनेटच्या फटीतून वाफ येतेय की धूळ उडतेय, काही समजेना. हळद लागलेलं माझं अंग घामाने पिवळं गळू लागलं. डोळ्यांसमोर मुलगी मांडवात हार घेऊन उभी, हेडमास्तर घड्याळ पाहत उभे आणि मी रस्त्याच्या कडेला, मुंडावळ्यांसकट, हातात डबा घेऊन नाल्यात उतरतोय. एका बेरकीपणापायी त्या पोरीने पाच महिने लोकांची बोलणी ऐकायची? मुर्तिजापूर जवळ आलं तेव्हा मला राहवेना.

"उस्ताद, गाडी थांबवा. तो पाइप नवा नाही. तुमचाच आहे. मी पॉलिश केलंय."

गाडी थांबली नाही. तो सावकाश म्हणाला, "आता बोलले? मले वाटलं होतं, बडनेऱ्यालेच बोलान."

एका लिंबाखाली त्याने गाडी उभी केली. मागून मामांनी ओरडून विचारलं, काय झालं? "नवरदेवाले पानी पाह्यजे," उस्तादाने उत्तर दिलं. मग बॉनेट उघडलं. आत वरच्या बाजूला एक खराखुरा नवा पाइप बसवलेला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगात चालू महिना लिहिलेला होता.

"माह्या पेटीत एक नवा रायतेच," तो म्हणाला.

"मग वीस दिवस गाडी उभी का ठेवली?"

"नियम तुमचा, जिद माही."

सीटखालून त्याने माझा पाइप काढला, त्याच कागदात गुंडाळलेला. "रबराले रबराचा वास येते बाबू. याले बुटाच्या पॉलिशचा येत होता." मग खिशातला चाकू काढून त्याने तो पाइप मधोमध उभा चिरला आणि दोन्ही हातांनी उलगडून माझ्यापुढे धरला. बाहेरून आरशासारखा. आतून भेगाच भेगा, आणि बोट लावलं तर करपलेल्या भाकरीसारखे पापुद्रे सुटत होते.

मी बोट झटकलं. "तुम्ही तर लिहिलं होतं, चांगला आहे!"

"मंग? दिसाले चांगलाच होता. आतून असा हाये हे मले तरी कुठी मालूम होतं? कापल्याबिगर कोनालेच मालूम नाई पडत. म्हनून तं चांगला हाये तवाच काहाडाचा." त्याने दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले. "माहा आहेर समजा. बसा आता. मुहूर्त हाये."

मी ते दोन तुकडे मांडीवर घेऊन अकोल्यापर्यंत बसलो. सुभेदार घड्याळाच्या पुढे धावला. साडेअकराच्या मुहूर्ताला आम्ही नऊ वाजताच मांडवाशी हजर झालो. हेडमास्तर बनियनवर, दाढीचा अर्धा साबण गालावर, केळीचे खुंट बांधून घेत होते. वाजंत्रीवाले अजून यायचे होते. ज्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याला उशिराबद्दल छड्या मारल्या, ते सीमांतपूजनाला तयार नाहीत असं दृश्य अकोल्याने पहिल्यांदाच पाहिलं. उस्ताद खाली उतरला, त्यांना रामराम केला आणि अदबीने म्हणाला, "सावकाश होऊ द्या मास्तर. आमी थांबतो." सासऱ्यांनी त्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही. माझ्या बायकोला मात्र तो त्या क्षणी आवडला तो कायमचा.

सुट्टी संपवून कामावर आलो, त्या दिवशी नऊ वाजता तो खिडकीशी आला. त्याने तोंड उघडायच्या आत मी नवा पाइप बाहेर ठेवला, त्याच्या पेटीतली रिकामी जागा भरायला. चिठ्ठी मीच भरली. कारणाच्या रकान्यात मीच लिहिलं: चांगला आहे म्हणून. पुढे मॅनेजरसाहेबांनी ती चिठ्ठी पाहून मला बोलावलं. मी टेबलावर पाइपाचे दोन तुकडे ठेवले. त्यांनी एका तुकड्यातून बोट फिरवलं, बोटाला लागलेली भुकटी पाहिली आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षं पट्टे, पाइप, पंप बिनबोभाट बदलत राहिले. एकोणीसशे साठ साल उलटून गेलं. सुभेदार तसाच, रस्त्यात कधीही न थांबणारा. आणि मग एका सकाळी नऊ वाजता उस्ताद खिडकीशी आला. हातात नग नव्हता, नुसती चिठ्ठी होती.

कोणता नग पाहिजे: ड्रायव्हर, एक. जुन्याची अवस्था: चांगली. कारण: चांगला आहे म्हणून.

मी हसलो. तो हसला नाही. त्याने ट्रकची किल्ली खिडकीत ठेवली. "जमा कराले आलो. सायबाले सांगून झालं. नवा मानूस मी दोन महिने पारखून ठेवला हाये. घाटात बरा चालवते."

"काय झालं उस्ताद? कुठे ठोकली का?"

"नाई."

"डोळे?"

"डाक्तरनं पाह्यले. मस्त हायेत."

"तब्येत?"

"मस्त हाये."

"मग काहून?" मी खिडकीतून जवळजवळ ओरडलोच. त्याने शांतपणे तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"अहो, पण तुम्ही तर अजून..." पुढचा शब्द मी जिभेवरून परत गिळला. त्याला तो ऐकू आलाच.

"बोला ना," तो म्हणाला. "चालते अजून, असंच ना?" यावेळी तो निघून गेला नाही. चौकटीवर दोन्ही कोपरं टेकून उभा राहिला. "बाहेरून चांगला हाये बाबू. आतून काय हाये, मले काय मालूम? मले कापून थोडीच पाहाता येते. अन् मांगं गाडीत रोज कोनाचं ना कोनाचं लगन रायते."

त्या माणसाबद्दल मला काय वाटत होतं ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायला गेलो असतो तर रडलो असतो. म्हणून मी स्टोअरकीपरसारखं विचारलं, "आणि या पेन्शनीतल्या नगाचं करायचं काय?"

"हलकं काम द्या. हॉटेलच्या नळाले लावा," तो म्हणाला. मग माझ्या मागच्या मांडणीकडे मान वळवली. "नाई तं तिकडं ठेवा. तुमच्या त्या नव्या पाइपाईले कोनी दाबून पाह्यते का रोज?"

कोणी पाहत नव्हतं. मी तसं कबूल केलं. तो समाधानाने मान हलवत राहिला आणि मी दौतीत टाक बुडवून चिठ्ठीखाली 'जुना नग जमा करून घेतला' असं लिहिलं. सही करताना शाई फराटली. त्याने चिठ्ठी ओढून घेतली, उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

"सही हालली बाबू. निब बदला."

"निब चांगली आहे," मी म्हणालो.

"म्हनूनच," उस्ताद म्हणाला.